खोटं वाचणाऱ्यांनी येऊ नये

तुर्कू, १२ जानेवारी

ओस्मो,

फासा परत मिळणार नाही. तू फोनवर त्यासाठीच निरोप ठेवतो आहेस, तेव्हा आधी तेवढं सांगून टाकते. बाबांनी तो गोदीत जेवणाच्या सुट्टीत पितळेतून कापला, वीसच्या वीस बाजू कानशीने घासल्या, आकडे खोल कोरले आणि आपल्या दोघांना दिला. एकट्या तुला नाही. आजवर तो रौमाला तुझ्या घरी होता, आता माझ्याकडे राहील. निघताना मी तो कोटाच्या खिशात टाकला तो काही चोरून नाही, सगळ्यांच्या देखत टाकला. तुम्ही सगळे तेव्हा टेबलावरच्या कापडाकडे बघत होतात.

अक्षर एवढं मोठं का, असं विचारू नकोस. जाड काळ्या पेनाने लिहिते आहे. मला अजूनही कडेकडेचं जग दिसतं, मधोमध नुसता राखाडी डाग असतो. ओळी वाकड्या गेल्या असतील तर तुझी मान वाकडी कर.

मी मजेत आहे. घराला लिफ्ट आहे, खाली नदी आहे, डोळ्यांचा दवाखाना चालत जाण्यासारखा आहे. आणि मला खेळायला टेबल मिळालं आहे. तुला वाटलं असेल, महिनाभरात नाक मुठीत धरून परत येईल. "परक्या लोकांत तुला कोण सांभाळून घेईल?" असं तू दारात म्हणालास, माझा बूट पायात चढत नव्हता तेव्हा. मला सांभाळून घ्या असं मी कधी कोणाला म्हटलं होतं?

वाचनालयातल्या फळ्यावर मी कागद लावला आहे. त्यावर लिहिलं आहे: बाई, वय सत्तावन्न. आयुष्यभर खेळलेली. टेबल हवं आहे. डोळे अधू, डोकं शाबूत. फासा वाचून दाखवावा लागेल. खोटं वाचणाऱ्यांनी येऊ नये.

दवाखान्यातल्या नर्सने विचारलं, कसला हो हा खेळ? मी सांगितलं, चारपाच जणं टेबलाभोवती बसतात. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात. मी काइस्ला आहे, चोरून मीठ वाहणारी नावाडीण. सूत्रधार म्हणतो नदीला पूर आला, मी म्हणते मी तरीही नाव घालते. आता पार होईन की बुडेन, ते तोही ठरवत नाही आणि मीही नाही. ते फासा ठरवतो. मोठा आकडा पडला तर तरले, एक पडला तर मेले. नर्स म्हणाली, म्हणजे लहान मुलांचाच खेळ की. मी म्हटलं, लहान मुलं लबाडी करतात, आम्ही करत नाही. बोलून गेले आणि जीभ चावली.

तुझं म्हणणं, एका आकड्यावरून केवढा तमाशा. मग तो आकडा पुन्हा आठव. मिठाच्या किल्ल्याचा डाव होता. मी फासा टाकला, तो गडगडत कॉफीच्या कपाला अडला आणि योगायोगाने माझा हात तिथे आधी पोचला. अंगठ्याखाली एकच सरळ रेघ लागली. एक. आणि माझ्या शेजारी बसलेला सूत्रधार, म्हणजे तू, म्हणालास, "सतरा." सगळे म्हणाले, वा मेर्या. कालेर्वोने तर टाळ्या वाजवल्या. पाचही जणांना दिसत होता तो एक, आणि सगळे मूग गिळून बसले होते.

तेव्हापासून मी एकच हिशेब करते आहे. माझे डोळे गेल्यापासून काइस्ला जे जे जिंकली, त्यातलं खरं किती होतं?

मेर्या

तुर्कू, ३ फेब्रुवारी

ओस्मो,

टेबल मिळालं असं लिहिलं होतं, ते जरा पुढचं लिहिलं. तेव्हा नुसता एक फोन आला होता. आता सगळं सांगते, म्हणजे तुला वहिनीला वाचून दाखवायला काहीतरी मिळेल.

फोन विद्यापीठातल्या पोरांचा होता. पिहला नावाची मुलगी सूत्रधार. नाकात चमकी, आवाज एखाद्या शाळामास्तरणीसारखा, आणि वेलचीचा पाव तिने स्वतः भाजलेला. ही नवी पोरं डाव सुरू करण्याआधी प्रत्येकाला विचारतात, गोष्टीत तुम्हाला काय सहन होणार नाही? मला ते आवडलं. आपल्या वेळी हे असं कोणी विचारलं नाही. एकाने कोळी सांगितला, आठ पायांचा. एकीला आजारी कुत्रं नको होतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "दया."

पिहला म्हणाली, "म्हणजे कशी दया?"

"कशीच नको."

तिने ते गंभीरपणे लिहून घेतलं. मला वाटलं, जमलं. पोरं हुशार होती, बोलकी होती, काइस्लाला त्यांनी पहिल्याच तासात घाटावरच्या टोळीची म्होरकी करून टाकलं. मग मला भिंत चढायची होती. मी फासा टाकला. शेजारचा पोरगा वाकून बघतो आणि तोंडभर हसून म्हणतो, "अठरा! आजी, चढलात की!"

मी हळूच अंगठा फिरवला. चार.

हो, आता मला सगळे आकडे अंगठ्याने कळतात. संध्याकाळी रेडिओ लावून बसते आणि फासा फिरवत राहते. सहा आणि नऊला बाबांनी खाली टिंब दिलं आहे, ते तुझ्या कधी लक्षात आलं होतं? तू म्हणशील, मग स्वतःचं स्वतः वाच की, लोकांना कशाला त्रास. वाचते ना. पण कोणाच्या शेजारी बसावं ते अंगठा सांगत नाही. ते शेजाऱ्याच्या तोंडातूनच कळतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं आहे, आणि याची मला लाज वाटत नाही.

पिहला मला बसथांब्यापर्यंत सोडायला आली. बर्फावर पाय घसरत होता म्हणून तिने दंड धरला होता, त्याला माझी हरकत नव्हती. ती म्हणाली, "त्याच्या मनात वाईट नव्हतं. तुम्ही पडलेल्या त्याला बघवलं नसतं."

मी म्हटलं, "पडणार होती ती काइस्ला. मी खुर्चीत होते."

 ती म्हणाली, यादीत लिहूनही आम्ही विसरलो. शहाणी मुलगी आहे. पण मी तिथे परत जाणार नाही.

मेर्या

तुर्कू, १ मार्च

ओस्मो,

काल फोन मी आपटला, तो चुकून आपटला गेला नाही.

तू विचारलंस, दुसऱ्या टेबलाचं काय झालं. मी म्हटलं, उत्तम चाललं आहे. तर ऐक, काही उत्तम चाललेलं नाही. खेळाच्या दुकानाच्या तळघरात चार पुरुष बसतात, आपल्याच वयाचे. त्यांना नियम तोंडपाठ, आणि प्रत्येकाच्या पाळीला ते अंडी उकडताना लावायचं घड्याळ लावतात. फासा खरा वाचतात, यात शंका नाही. "दोन. पुढचा." एवढंच. मला तेही चाललं असतं, दगडापेक्षा वीट मऊ म्हणून. पण मला वेळ लागतो. फासा कुठे पडला ते चाचपावं लागतं. तर त्यांच्यातल्या एकाने माझ्या पुढ्यातला फासा उचलला आणि माझ्या वतीने टाकून दिला, वेळ वाचावा म्हणून. बाबांचा फासा. "सोळा, घ्या, छान पडला," म्हणाला. मी तो सोळा त्याच्या पदरात टाकला आणि कोट घातला.

तर अशी मी पुन्हा घरी. फळ्यावर कागद अजून आहे, वरून कोणीतरी योगासनांच्या वर्गाची जाहिरात चिकटवली होती, ती मी काढून शेजारी लावली.

आणि अशा वेळी तू फोन करतोस आणि म्हणतोस, "बास कर आता, ताई. खुर्ची तशीच ठेवली आहे." क्षणभर मी विरघळले, कबूल करते. वहिनीची राईची भाकरी आणि शेगडीच्या बाजूची ती माझी जागा आठवली. मग मी विचारलं, फासा कोण वाचणार? तू म्हणालास, "मीच, आणि कोण." मी विचारलं, आणि एक पडला तर? तू मांजराचं काहीतरी सांगायला लागलास.

मग तू जे सांगितलंस ते मी रात्रभर डोक्यात घोळवलं. दवाखान्यातून मी ज्या दिवशी निदान घेऊन तुझ्याकडे आले, त्याच संध्याकाळी हे सुरू झालं. मी फासा टाकला, एक पडला, आणि तू म्हणालास, "त्या दिवशी तुला आणखी एक वाईट बातमी मला देववली नाही. आणि मग थांबवताच आलं नाही."  मला राग आला, आणि तुझी कीवही आली. बघ, दया किती संसर्गजन्य असते.

पण ओस्मो, मला तळहाताच्या फोडासारखं जपून तू काय केलंस ते कळतंय का तुला? डॉक्टरने जे सांगितलं ते खरं सांगितलं. डोळे सुधारणार नाहीत म्हणाला, सरळ म्हणाला. साऱ्या जगात मला गोड खोटं कुठे ऐकायला मिळालं, तर माझ्या स्वतःच्या टेबलावर. जिथे मी नावाडीण होते, डोळे धड होते, आणि बुडायचा हक्क मला इतरांइतकाच होता. तो हक्क तू काढून घेतलास. बाकी सगळं माफ करीन, एवढं एक अजून जमत नाही.

खुर्चीवर मांजराला बसू दे.

मेर्या

तुर्कू, ९ एप्रिल

ओस्मो,

तुझं पत्र मिळालं. तू आयुष्यात पहिल्यांदा पत्र लिहिलंस, तेही जाड पेनाने. मी खिडकीशी नेऊन कडेकडेने वाचलं. बर्फ वितळल्याचं आणि मांजराचं कळलं. ज्याबद्दल लिहायला हवं होतं त्याबद्दल एक अक्षर नाही, पण जाड पेन आणलंस, ते मी बघितलं.

आता माझं. गुरुवारी इथल्या प्रार्थनागृहाच्या स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप असतं. ती भांडी घासून झाली की त्याच लांब टेबलावर डाव बसतो. सूत्रधार आहे वुओक्को. जन्मभर बस चालवून निवृत्त झाली आहे, उंच, खांदे दारात मावत नाहीत. तिने फळ्यावरचा कागद वाचला आणि मला फोनवर एवढंच विचारलं, "वाटाणे चालतात का?"

तिच्यासमोर आडोसा नाही. तुझ्यासारखा पुठ्ठा उभा करून त्याच्यामागे ती फासे टाकत नाही. तिचाही फासा सगळ्यांच्या मधोमध पडतो. मी आधीच सांगून टाकलं, मला वेळ लागतो. ती म्हणाली, "म्हातारं माणूस चढेपर्यंत माझी बस थांबायची. पण तिकीट मात्र मागायचीच."

टेबलावर आणखी दोघे आहेत. येस्परी छपरं दुरुस्त करतो आणि डावभर चार वाक्यं बोलतो, त्यातली दोन साखर मागण्याची. दुसरा रेबिन. कुर्दी आईबापांचा, वाढला तुर्कूतच, वृद्धाश्रमात काम करतो. तो मला मावशी म्हणतो. इथे कोणी कोणाला असं म्हणत नाही, पण त्यांच्या घरात वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. मी एकदा म्हटलं, मेर्या म्हण. तो म्हणाला, तोंडातून निघत नाही. राहू दे मग.

माझ्या उजवीकडे तो बसला. पहिल्याच फेरीत काइस्लाला धक्क्यावरून नावेत उडी मारायची होती. मी फासा टाकला.

"तीन," रेबिन म्हणाला. "पडलात पाण्यात, मावशी. धपकन."

मी अंगठा फिरवला. तीन.

ओस्मो, मला हसू आलं. स्वयंपाकघर दणाणेल एवढी हसले. येस्परीने साखर न मागता माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी मी पाण्यात पडले होते! रेबिनने माझा अंगठा पाहिला होता. मला वाटलं, आता चिडेल. तो म्हणाला, "तपासताय होय? तपासा. दिवसभर आजीआजोबांशी गोड बोलून तोंड चिकट झालेलं असतं माझं. एक तरी जागा असू दे खरं बोलायला."

दर गुरुवारी मी तपासते. दर गुरुवारी खरं असतं. काइस्लाचं सगळं मीठ भिजलं, एका दातावर पाणी सोडावं लागलं, आणि एका जकातदाराला तिने खऱ्याखुऱ्या एकोणीसने गंडवलं. तो एकोणीस मी मिरवत घरी आले.

मेर्या

तुर्कू, २ मे

ओस्मो,

काइस्ला गेली.

बसून वाच. तू तिला माझ्याइतकाच ओळखत होतास, तिचं नाव आपण दोघांनी नौकाघराच्या पायरीवर बसून ठेवलं होतं, म्हणून तुला आधी कळवते आहे.

परवा गुरुवार होता, वसंताच्या सणाचा दिवस. वुओक्कोने सूप सोडून लिंबाचं आंबवलेलं सरबत आणि पॅनकेक केले होते. गोष्टीत नदीवरचा बर्फ फुटला होता. बाकीचे दोघे दोराला धरून पलीकडे निघाले होते, आणि दोराचं अलीकडचं टोक काइस्लाच्या हातात होतं. वुओक्कोने मला सरळ विचारलं, "सोडतेस का? सोडलास तर तू वाचशील. ते दोघे वाचतीलच असं नाही."

"सोडत नाही."

"मग टाक. एक सोडून काहीही चालेल. एक आला तर दोर त्यांच्यासाठी टिकेल, तू मात्र जाशील."

मी टाकला. फासा पॅनकेकच्या ताटलीला आपटला आणि रेबिनच्या पुढ्यात जाऊन थांबला. आणि रेबिन बोलेना.

मला कळलं. न बघता कळलं. हात पुढे करायला काही लागलं नसतं, पण मी दोन्ही हात मांडीवर दाबून ठेवले. तुझं जेवणघर आठवलं, टाळ्या आठवल्या. आणि मनात आलं, आता हा पोरगासुद्धा सतरा म्हणाला, तर मी यापुढे कुठल्याच टेबलावर बसणार नाही. रेडिओ ऐकेन, खिडकीशी बसेन, लोक जे गोड सांगतील त्याला मान डोलवेन. हे सगळं त्याच्या तोंडातून काय निघतं त्यावर अडकलं होतं, आणि त्याला बिचाऱ्याला त्याची कल्पना नव्हती.

"एक, मावशी," तो म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता, तरी म्हणाला.

कोणी वाईट वाटलं म्हणालं नाही. कोणी पुन्हा टाका म्हणालं नाही. वुओक्कोने काइस्ला कशी गेली ते सावकाश सांगितलं, दोर मनगटाला गुंडाळलेला, तोंड पलीकडच्या काठाकडे. मग त्या टेबलाचा एक रिवाज आहे. पात्र गेलं की उरलेले त्याच्या सामानातली एकेक वस्तू मागून घेतात आणि पुढे वागवतात. येस्परीने दोर मागितला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलंच वाक्य. रेबिनने मिठाची पिशवी घेतली. आणि वुओक्को माझ्या कपात सरबत ओतत म्हणाली, "पुढच्या गुरुवारी नवीन कोणीतरी घेऊन ये. आणि जाम घे, संपत आलाय."

मी रडले, ओस्मो. तू ज्याला भ्यायलास ते अखेर झालं. परक्यांच्या स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर, सूं सूं करत रडले. मग नाक शिंकरलं आणि जाम घालून दोन पॅनकेक खाल्ले. एवढंच होतं ते. एवढ्यापासून तू मला वाचवत होतास.

आणि आणखी एक ऐक. तिच्या आधीच्या विजयांतले खरे किती नि खोटे किती, तो हिशेब मी सोडून दिला आहे. ती गेली ती खरी गेली. त्यामुळे ती जगलेलीही मला पुन्हा खरी वाटायला लागली आहे. हे का, ते मला नीट सांगता येणार नाही.

मी परत रौमाला येणार नाही. माझं टेबल इथे आहे, वाटाण्याच्या वासाचं. नवीन पात्र अजून ठरलेलं नाही, बहुधा जकातदारीण करीन, वुओक्कोला तेवढाच वैताग.

तुला यायचं असेल तर गुरुवारी ये, दुपारची बस सूपाच्या वेळेला पोचते. पुठ्ठ्याचा आडोसा घरी ठेव, इथे तो कोणी उभा करू देणार नाही. सूत्रधार वुओक्को आहे, तू साधा खेळाडू होशील आणि तुझ्याही वाट्याला धपकन पाण्यात पडणं येईल. उजवीकडची जागा रेबिनची आहे, ती मिळणार नाही. डावीकडची रिकामी आहे.

आलास तर तुझ्यासमोर एकदा बाबांचा फासा टाकीन आणि तुला वाचायला सांगेन. अंगठा लावणार नाही.

तुझी ताई,
मेर्या